५/६/५८ म्हणजे नक्की कुठली तारीख? लोकांनी लिहिलेल्या तारखा पायथनमध्ये वाचण्याबद्दल

सदाफुली
नमस्कार मंडळी,
आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची सभासद-यादी संगणकावर आणतेय. अर्धी माहिती गूगल फॉर्ममधून आली, अर्धी जुन्या रजिस्टरांवरून कॉलेजच्या मुलांनी आपापल्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये टाइप केली. फॉर्ममध्ये जन्मतारखेला साधा मजकुराचा रकाना होता, त्यामुळे लोकांनी मनाला येईल तसं लिहिलंय. एकाच रकान्यातले काही नमुने:

५/६/५८
०५.०६.१९५८
५ जून ५८
१९५८-०६-०५
५०६१९५८
जून १९५८
ज्येष्ठ व. ३, शके १८८०
आधार कार्डाप्रमाणे

यात काही इंग्रजी अंकांत आहेत, काही देवनागरी अंकांत, आणि काही महाभागांनी एकाच तारखेत दोन्ही वापरलेत.

माझं पायथन कामापुरतं आहे. स्ट्रपटाइमला (मजकुराची तारीख करणारं पायथनचं फंक्शन) फॉरमॅट दिला की तेवढ्याच तऱ्हेच्या तारखा वाचल्या जातात, बाकीच्यांवर व्हॅल्यूएरर. डेटयुटिल (फॉरमॅट स्वतःच ओळखणारी तयार लायब्ररी) लावून पाहिलं तर ते बरंच काही निमूट गिळतं, पण गिळताना काय समजून घेतलं हे कळत नाही. ज्येष्ठ सभासदांना वर्गणीत सवलत आहे, म्हणून वय बरोबर निघायला हवं. कुणी असं काम केलंय का?

बिनपगारी
फॉर्मला कॅलेंडर लावा. विषय संपला.

हापूसवाला
लायब्ररीसाठी लायब्ररी शोधताय, एवढंच म्हणून खाली बसतो.
बाकी 'आधार कार्डाप्रमाणे'ला माझं मत.

तिरकस
@बिनपगारी, रजिस्टरातल्या तारखांना कॅलेंडर कसं लावायचं तेही सांगा. शिवाय ज्यांचा जन्म १९५८ चा त्यांनी मोबाइलवर बाण दाबत दाबत महिना महिना मागे जायचं का? बरेच जण मध्येच कंटाळतात आणि जी तारीख समोर असेल ती ठेवून पुढे जातात. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांच्या डिझाइन नियमावलीत जन्मतारखेसारख्या पाठ असलेल्या तारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे टाइप करायचे तीन वेगळे रकाने सुचवलेत. कॅलेंडर बस-रेल्वेच्या बुकिंगला ठीक, जिथे वार बघायचा असतो.

जुनाट_जावा
डेटयुटिल काय समजून घेतं ते सांगतो. स्लॅशची तारीख दिसली की ते अमेरिकन पद्धतीने आधी महिना धरतं. ०५/०६ झाली ६ मे. पुढच्या ओळीत १३/०६ आली की तेरावा महिना नसतो, म्हणून ते गुपचूप बाजू बदलतं आणि १३ जून धरतं. म्हणजे एकाच माणसाने एकाच पद्धतीने लिहिलेल्या दोन तारखा दोन तऱ्हांनी वाचल्या गेल्या आणि एरर एकही नाही. 'डेफर्स्ट' (आधी दिवस) हा पर्याय ट्रू केला तर आपल्या तारखा नीट वाचतं, पण ०५/१३ दिसली की परत तेच. तो पर्याय म्हणजे नुसती शिफारस आहे, सक्ती नाही.

धोका किती तारखांना? दिवस आणि महिना दोन्ही १२ च्या आत अशा जोड्या १४४. त्यातल्या १/१, २/२ वगैरे १२ उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. वर्षातल्या एक तृतीयांशाहून जास्त तारखा अशा आहेत की उलटल्या तरी पत्ता लागणार नाही.

तुमच्या यादीतली 'जून १९५८' तर भारीच. महिन्याचं नाव इंग्रजी करून दिलं, पण दिवस दिलेला नसला की डेटयुटिल आजचा दिवस तिथे भरतं. १४ तारखेला प्रोग्राम चालवलात तर १४ जून १९५८, दुसऱ्या दिवशी चालवलात तर १५. स्ट्रपटाइमला फक्त महिना-वर्षाचा फॉरमॅट दिला तर ते १ तारीख धरतं. तीही खोटीच, पण निदान रोज तीच खोटी.

पेठेतला
एवढा बाऊ कशाला? भारतात आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. शाळेपासून हेच शिकतो. गावच्या वाचनालयात कोण अमेरिकन पद्धतीने तारीख लिहिणार आहे? डेफर्स्ट ट्रू करा आणि चहा घ्या. वापरकर्त्याला नियम शिकवत बसण्यापेक्षा प्रोग्रामने समजून घ्यावं, त्याच्यासाठीच तर तो असतो.

गावठी_गणित
पेठेतले, माणूस नाही लिहिणार, पण एक्सेल लिहील. सदाफुलीताईंनी 'मुलांनी आपापल्या लॅपटॉपवर' म्हटलंय तिथेच माझी पाल चुकचुकली.

नव्या लॅपटॉपवर रीजन बऱ्याचदा युनायटेड स्टेट्सच राहिलेलं असतं. तिथे ०५/०६/१९५८ टाइप केलं की एक्सेल ती ६ मे समजून आकड्यात साठवतं. पडद्यावर ५/६/१९५८ असंच दिसतं, म्हणून टाइप करणाऱ्याला काहीच खटकत नाही. १३/०६/१९५८ मात्र त्याला तारीख वाटत नाही, ती जशीच्या तशी मजकूर म्हणून पडून राहते. आता ही फाइल पायथनने वाचलीत की पहिल्या प्रकारच्या नोंदी थेट डेटटाइम म्हणून हातात येतात. तिथे पार्सिंग (मजकुरातून तारीख काढणं) होतच नाही, त्यामुळे तुमचं डेफर्स्ट त्यांना लागूच होत नाही.

ओळखायची खूण: रकान्याची अलाइनमेंट कुणी बदलली नसेल तर एक्सेल आकडे उजवीकडे चिकटवतं, मजकूर डावीकडे. तारखांचा रकाना अर्धा उजवीकडे आणि अर्धा डावीकडे दिसला की समजा. खात्री करायची तर उजवीकडच्या नोंदींमधले दिवस बघा. भरपूर नोंदी असून १३ ते ३१ मधला एकही दिवस नसेल तर त्या फाइलमधल्या सगळ्या उजव्या तारखा उलटलेल्या आहेत. दिवस-महिना अदलाबदल करा, त्या सुधारतात. डाव्या तशाच ठेवून दिवस-महिना-वर्ष म्हणून वाचा.

आणि कुठे २१३४१ असा नुसता आकडा दिसला तर तीही तारीखच आहे: ५ जून १९५८. २१३११ दिसला तर ६ मे.

जुनाट_जावा
@गावठी_गणित, हे धाग्याच्या डोक्यावर चिकटवायला हवं. मी पार्सरमागे लागलो होतो, खरी खोड त्याच्या आधीच आहे.

त्या आकड्यांबद्दल जाता जाता: एक्सेल १९०० सालाला २९ फेब्रुवारी देतं, जी कधी उगवलीच नाही. लोटस १-२-३ मध्ये तसं होतं, त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून चूकही जशीच्या तशी घेतली. मार्च १९०० च्या आधीच्या तारखा असल्या तरच त्रास. तुमचे सभासद तेवढे ज्येष्ठ नसावेत.

सूक्ष्मदर्शी
अवांतर: आमच्या क्षेत्रात एक्सेलपुढे शास्त्रज्ञांनी हात टेकले. काही जनुकांची इंग्रजी नावं 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती. एक्सेल त्यांची १ मार्च, १ सप्टेंबर करायचं आणि शोधनिबंधांसोबतच्या तक्त्यांमध्ये तशाच छापल्या जायच्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली: मार्चएफ१, सेप्टिन१. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकांचं बारसं सोपं पडलं.

हापूसवाला
वरच्या प्रतिसादाला बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). मी पण नाव बदलायच्या विचारात आहे.

मुक्काम_पोस्ट
कुणी '५८' कडे बघितलं की नाही? दोन अंकी वर्षाचं प्रत्येकाचं गणित वेगळं. पायथनचं स्ट्रपटाइम ०० ते ६८ म्हणजे २००० नंतरची आणि ६९ ते ९९ म्हणजे १९०० ची धरतं. एक्सेल २९ पर्यंतच नवं शतक धरतं, ३० पासून जुनं. क्रोममध्ये जावास्क्रिप्टची रेघ ४९ आणि ५० च्या मध्ये.

म्हणजे ५/६/५८ वाले काका एक्सेलमध्ये १९५८ चे आणि पायथनमध्ये २०५८ चे. जन्मायला अजून वेळ आहे. डेटयुटिल चालू वर्षापासून ५० वर्षांचा हिशोब लावतं, त्याच्यातही ५८ आत्ता २०५८ च होतं.

जन्मतारखेपुरता उपाय सोपा: उत्तर आजच्या पुढचं आलं तर १०० वजा करा. ०० ते चालू वर्षापर्यंतचे दोन अंक मात्र वेगळे काढा. '१५' म्हणजे बालविभागातली सभासद की एकशे दहा वर्षांच्या आजी, हे प्रोग्रामला कळायला दुसरा रकाना लागतो. सभासद कधी झाले ते वर्ष असेल ना तुमच्याकडे? १९८० साली सभासद झालेला माणूस २०१५ साली जन्मू शकत नाही.

सदाफुली
आहे, सभासदत्वाचं वर्ष जवळजवळ सगळ्यांचं आहे. हे डोक्यात आलंच नव्हतं, धन्यवाद.
गावठी_गणित, तीन फाइली उघडून बघितल्या. एकीत अगदी तुम्ही म्हणता तसा अर्धा उजवा, अर्धा डावा रकाना आहे. उजवीकडे १२ च्या वरचा एकही दिवस नाही!

पेठेतला
बरं, चहा थांबवतो.

अक्षरओळख
देवनागरी अंकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

पायथनच्या इंटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) देवनागरी '१२' दिलं तर ते बारा समजतं. जावाचं पार्सइंटही समजतं. जावास्क्रिप्टचं नंबर मात्र 'नॅन' (हा आकडाच नाही) म्हणून हात वर करतं. पण पायथनला अंक कळतात म्हणून स्ट्रपटाइमलाही कळतील असं नाही. त्याच्या आत दिवस-महिन्यांसाठी जो नमुना आहे त्यात इंग्रजी अंक ठोकून बसवलेत, तिथे '१५' अडकतं. म्हणून सगळ्यात आधी स्ट्रिंगमधले दहा अंक ट्रान्सलेटने इंग्रजी करून घ्या, मग पुढचं.

महिन्यांची नावं स्वतःच्या डिक्शनरीत ठेवा. सिस्टिमच्या मराठी लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) विसंबू नका, दुसऱ्या मशीनवर तो असेलच असं नाही. लोक 'सप्टें.', 'नोव्हें', 'फेब्रु', 'ऑगष्ट' सगळं लिहितात. त्यात खाचखळगे असे:

शब्द वेगळे काढायला रेजेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायची खूणभाषा) 'कुठलंही अक्षर' अशा अर्थाचं बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरू नका. पायथनच्या नेहमीच्या आरई मॉड्यूलमध्ये त्यात काना-मात्रा बसत नाहीत, 'जानेवारी'चे तुकडे पडतात. देवनागरीची युनिकोड रेंज द्या.

'ऑगस्ट'चा ऑ हे एक अक्षर आहे, पण काही कीबोर्डांवरून अ आणि पुढे ॉ असा जोडून येतो. दिसायला अगदी सारखा, आतून वेगळा, आणि नॉर्मलाइझ केलं तरी एक होत नाही. तो हाताने बदलून घ्यावा लागतो. ऑक्टोबरचंही तेच.

वेळही लिहिलेली असेल तर कोलनच्या जागी विसर्ग सापडेल, १०ः३० असा. मराठी कीबोर्डवर तोच आधी हाताला लागतो.

आणि 'मे'. एका संस्थेच्या जमाखर्चाच्या नोंदींमधून तारखा काढताना मे महिन्यात देणग्यांचा पाऊस दिसत होता. ते सगळे 'मे. अमुक ट्रेडर्स' निघाले.

हापूसवाला
मे. अमुक ट्रेडर्स 😂 वाचनखूण साठवली.

न्यूजर्सीकर
सगळं पायथनमध्येच राहणार असेल तर हे सोडून द्या, पण पुढे वेबपेज करणार असाल तर ऐका. जावास्क्रिप्टमध्ये '१९५८-०६-०५' अशी नुसती तारीख दिली की ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरली जाते. त्याच्यापुढे वेळ लिहिली आणि टाइमझोन नाही दिला, की स्थानिक वेळ धरली जाते. मी इथे बसून तुमची साइट उघडली तर काकांचा वाढदिवस ४ जून दिसेल, कारण यूटीसीच्या मध्यरात्री आमच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. भारतात उलट दिशेने होतं: स्थानिक ५ जूनच्या मध्यरात्रीला आयएसओ (म्हणजे यूटीसीतली) स्ट्रिंग केलं की ४ जून, साडेअठरा वाजता.

जन्मतारखेला वेळ नसते. तिला डेटटाइम करू नका, पायथनमध्ये नुसतं 'डेट' ठेवा, डेटाबेसमध्येही डेट. जावास्क्रिप्टमध्ये टेम्पोरल ही तारीख-वेळेची नवी सोय येतेय, त्यात नुसत्या तारखेसाठी प्लेनडेट आहे. फायरफॉक्समध्ये ते २०२५ मध्ये आलंय.

जुनाट_जावा
+१. यात भर म्हणून: आजची भारतीय वेळ कायम साडेपाच तासच पुढे होती असं नाही. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ घड्याळं एक तास पुढे, म्हणजे साडेसहावर होती. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये कोलकात्याच्या नावाखाली ते नोंदलेलं आहे. १९४४ मध्ये जन्मलेल्या आजोबांची तारीख एका प्रोग्रामने तो डेटाबेस वापरून साठवली आणि दुसऱ्याने सरळ साडेपाच तास मिळवून दाखवली, तर ती आदल्या रात्री अकराची येते. आजोबा एक दिवसाने मोठे.

शाळामास्तर
तांत्रिक चर्चेत मी नवखा, पण तुमच्या यादीत १ जून हा दिवस किती वेळा येतो ते मोजून बघा. पूर्वी घरात जन्माची नोंद नसायची, पोराला शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने वय धरायचे आणि १ जून लिहून टाकायचे. वर्ग जूनमध्ये सुरू होत. पुढे दाखल्यावर, पेन्शनच्या कागदावर, आधारवर तीच तारीख. ती चुकीची म्हणून गाळू नका, सरकारदरबारी तीच खरी आहे.

तिरकस
मास्तर, म्हणजे शाळेत पार्सिंग आमच्या आधीपासून चालू होतं. दिवस माहीत नसला की डीफॉल्ट भरायचा.

शाळामास्तर
हो, आणि आमचा डीफॉल्ट रोज बदलत नव्हता.

पंचांगी
शक असलेल्या नोंदी प्रोग्रामकडून करून घेऊ नका. 'ज्येष्ठ व. ३, शके १८८०' ही पंचांगातली तिथी आहे. शकात ७८ मिळवले की १९५८, इथवर ठीक. पण वर्ष पाडव्याला बदलतं, त्यामुळे पौष-माघ-फाल्गुनातल्या तिथीला बहुधा ७९ मिळवावे लागतात. दिवस काढायला त्या वर्षीचं पंचांगच उघडावं लागतं, कारण मध्ये अधिक महिना येतो (२०२३ मध्ये श्रावण अधिक होता), तिथीची वृद्धी होते, क्षय होतो. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून आपला ज्येष्ठ वद्य पक्ष त्यांच्याकडे आषाढात गणला जातो.

आणखी एक घोळ: २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिका आहे. तिलाही शकच, महिन्यांची नावंही तीच, पण ती सौर आहे. तिच्यातली '१५ ज्येष्ठ १८८०' म्हणजे बरोबर ५ जून १९५८, ती कोष्टकाने निघते. नोंदीत शुद्ध-वद्य असेल तर पंचांग, नुसता आकडा असेल तर राष्ट्रीय दिनदर्शिका असायची शक्यता.

आणि कुणी 'पाडव्याचा जन्म' लिहिलं असेल तर चैत्रातला की दिवाळीतला, हे फोन करून विचारा.

बिनपगारी
एवढं सगळं वाचून विचारतो, ही यादी एआयला का देत नाही? एका मिनिटात साफ करून देईल.

गावठी_गणित
देईल की. फक्त त्या १३२ तारखांपैकी कुठली कशी धरली ते सांगणार नाही, विचारलंत तर छान कारण देईल. फाइल कुणाच्या लॅपटॉपवर टाइप झाली ही माहिती तारखेच्या स्ट्रिंगमध्ये नाहीच, ती तुम्हीच पुरवायची. शिवाय सभासदांच्या जन्मतारखा बाहेर कुठे चिकटवायच्या का, हा वेगळा विषय.

सदाफुली
अपडेट देते. आधी 'फाइल कुठली' असा रकाना जोडला. क्रम प्रत्येक तारखेसाठी न ठरवता प्रत्येक फाइलसाठी एकदाच ठरवला, आणि ज्या फाइलची उजवी बाजू उलटली होती तिची तेवढी अदलाबदल केली. मग अंक इंग्रजी केले, महिन्यांची नावं डिक्शनरीतून बदलली, आणि मोजके फॉरमॅट एकामागून एक स्ट्रपटाइमला दिले. डेटयुटिल काढून टाकलं. '५०६१९५८' सारख्या सात अंकांना पुढे शून्य लावलं. एक्सेलने आकडा समजून ते खाल्लं होतं. दोन अंकी वर्षांना सभासदत्वाच्या वर्षाची चाळणी लावली. मूळ मजकूर शेजारच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवलाय, त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

उरलेल्यांची यादी ग्रंथपाल फोनवरून विचारतायत. १ जूनवाले खरोखरच ढिगाने आहेत.

आता एक प्रश्न: रजिस्टरात स्पष्ट '३१/६/१९४९' आहे, आणि ते सभासद आता हयात नाहीत. स्ट्रपटाइम नाही म्हणतं. याचं काय करू?

जुनाट_जावा
स्ट्रपटाइम नाही म्हणतं ते बरं करतं. जावास्क्रिप्टच्या डेटला दिवस, महिना, वर्ष वेगळे देऊन ३१ जून सांगितलं तर ते हू की चू न करता १ जुलै देतं. जावाचं जुनं सिंपलडेटफॉरमॅट पण डीफॉल्टने तसंच.
तारीख रिकामी ठेवा, वर्षाचा रकाना वेगळा करा आणि तिथे १९४९ टाका. 'जून १९५८'वाल्यांनाही तोच रकाना कामाला येईल. सवलत वर्षावरून ठरत असेल तर तेवढं पुरतं.

सदाफुली
वर्षावरूनच ठरते. केला रकाना.

नवा फॉर्म भाचा वेबपेजवर करतोय, तीन रकान्यांचा, तिरकस म्हणाले तसा. सबमिट करण्याआधी 'तुमची जन्मतारीख ५ जून १९५८, बरोबर?' असं महिन्याचं नाव घालून दाखवतो. मात्र त्याच्याकडून जे साठवलं जातंय ते सगळं देवनागरी अंकांत येतंय आणि माझी स्क्रिप्ट अडखळतेय. त्याने टूलोकेलडेटस्ट्रिंगला (तारीख स्थानिक भाषेत लिहिणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) मराठी लोकेल दिलाय.

अक्षरओळख
मराठी लोकेलचे मूळ अंकच देवनागरी आहेत, त्यामुळे ते होणारच. लोकेलच्या नावापुढे यू-एनयू-लॅटन जोडलं की इंग्रजी अंक येतात. पण भाच्याला सांगा, ती स्ट्रिंग माणसाला दाखवण्यापुरतीच वापर. साठवताना तिन्ही रकान्यांतले आकडे वेगवेगळे पाठव, वर्ष-महिना-दिवस क्रमाने. आणि महिना रकान्यातून न घेता डेटमधून काढत असशील तर पाठवण्याआधी तो एकने वाढवला आहे ना ते बघ, जावास्क्रिप्टच्या डेटमध्ये जानेवारी शून्यावर असतो.

सदाफुली
नव्हता वाढवला. सांगते त्याला.